मोटरहोमच्या छतावरील जुनी स्वयंचलित डिश : बिघाड नेमका कुठे आहे हे कसे शोधावे

मोटरहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या वाहनाच्या, छतावरची दूरचित्रवाणीची स्वयंचलित डिश दहा-बारा वर्षांची झाली की ती सहसा एका दिवसात बंद पडत नाही. आधी उपग्रह शोधायला तिला नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ लागू लागतो, मग एका मुक्कामी उपग्रह सापडतो आणि दुसऱ्या मुक्कामी सापडत नाही, आणि शेवटी एके संध्याकाळी ती नुसतीच गोल फिरत राहते. अशा वेळी डिशच गेली असे ठरवून नवा संच घेण्याची घाई अनेकजण करतात. माझ्याकडे असलेली डिशही एका कारागिराने तपासणी न करताच निकालात काढली होती. प्रत्यक्षात दोष होता तो छतावरच्या एका कनेक्टरमध्ये. म्हणून डिश उघडण्याआधी तिच्या खालचे आणि तिच्या समोरचे सर्व तपासून घ्यावे, असा क्रम मी येथे मांडत आहे.

प्रथम ही डिश काय काय करते हे समजून घेतलेले बरे. चालू केल्यावर ती जीपीएसवरून आपली जागा ठरवते, कल मोजणाऱ्या सेन्सरवरून वाहन किती तिरके उभे आहे हे पाहते, त्या हिशेबाने ठराविक उंचीच्या कोनात वर होते आणि मग आकाश चाळत गोल फिरू लागते. एखाद्या दिशेला सिग्नल लागला की आतला ट्यूनर त्या सिग्नलमधून उपग्रहाची ओळख वाचतो, ती आपल्या यादीशी ताडून पाहतो, आणि ओळख पटली तरच डिश बारीक हालचाली करून स्थिर होते. त्यापुढचे काम रिसीव्हरचे, म्हणजे टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सचे. बिघाड शोधताना पहिला प्रश्न हाच असावा की डिश यांपैकी कोणत्या पायरीवर अडते. ती वरच येत नाही, की वर येऊन फिरत नाही, की फिरते पण थांबत नाही, की थांबते आणि तरीही पडदा काळाच राहतो? एक संपूर्ण शोध पूर्ण होईपर्यंत वाहनाबाहेर उभे राहून तिच्याकडे पाहावे आणि तिचा आवाज ऐकावा. घुमटाच्या आत बंद असलेल्या डिशबाबत तर आवाज हाच मुख्य पुरावा असतो.

आता आकाशाकडे वळू. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे उत्तर गोलार्धात ते दक्षिणेच्या बाजूला दिसतात आणि आपण जितके उत्तरेला जाऊ तितके ते क्षितिजाकडे उतरतात. उपग्रह आपल्याच रेखावृत्तावर असेल तर ३० अंश अक्षांशावर तो सुमारे ५५ अंश उंच असतो, ४० अंशांवर सुमारे ४४, आणि ५० अंशांवर जेमतेम ३३ अंश. रेखांशातील अंतर वाढले की ही उंची आणखी घटते. उत्तर अमेरिकेत ११०, ११९ आणि १२९ अंश पश्चिम या तीन स्थानांवरचे उपग्रह लागतात अशी डिश घेऊन कोणी ईशान्येच्या मेन राज्यात गेला, तर १२९ अंशांवरचा उपग्रह त्याला क्षितिजापासून सुमारे १२ अंशच वर सापडेल, आणि तेथे एखादे दूरचे झाडसुद्धा आडवे येईल. म्हणजे काही वाहिन्या लागतात आणि काही लागत नाहीत, एवढ्यावरून डिशला दोष देता येत नाही. येथे आणखी एक फसगत होते. छतावरच्या बहुतेक उघड्या डिश ऑफसेट पद्धतीच्या, म्हणजे सिग्नल गोळा करणारा भाग मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेल्या असतात, त्यामुळे डिशचा चेहरा जवळजवळ सरळ समोर पाहत आहे असे वाटले तरी तिची नजर त्याहून वीसेक अंश वर असते. अडथळा शोधायचा तो त्या उंचीवर. शंका आली की वाहन मोकळ्या मैदानात नेऊन पाहावे. विषुवदिनांच्या आसपास काही दिवस सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही मिनिटे सिग्नल जातो, हेही लक्षात ठेवावे; तो बिघाड नव्हे.

आकाश मोकळे असूनही डिश अडत असेल तर दुसरी पायरी विजेची, आणि जुन्या वाहनांत मला सर्वांत जास्त शंका हिचीच येते. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, पण या आकड्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही, कारण गंजलेला जोडसुद्धा भार नसताना पूर्ण व्होल्टेज पुढे पाठवतो आणि मोटर फिरू लागली की मान टाकतो. म्हणून मल्टिमीटरच्या पिना डिशच्या नियंत्रण पेटीच्या वीजजोडावर धराव्यात आणि डिश शोध घेत असतानाच आकडा वाचावा. तो ११.५ च्या खाली घसरत असेल आणि त्याच क्षणी बॅटरीवर मात्र १२ च्या वर दिसत असेल, तर मधल्या तारेत, फ्यूजच्या खोबणीत किंवा चॅसिसला जोडलेल्या अर्थच्या तारेत व्होल्टेज गळत आहे, असे समजावे. अर्थची तार बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ती सोडवून, जोडाखालचा रंग आणि गंज घासून पुन्हा घट्ट बसवावी. मध्येच पुन्हा शून्यापासून सुरुवात करणारी डिश पुष्कळदा याच एका उपायाने सुधारते, कारण तिचा संगणक व्होल्टेज घसरल्यामुळे पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत असतो.

यानंतर केबल. एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडासमोर बसवलेला सिग्नल गोळा करणारा भाग, डिशवर आलेल्या उच्च वारंवारतेच्या लहरी उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात खाली पाठवतो, आणि त्याच केबलमधून त्याला वरती १३ किंवा १८ व्होल्ट मिळतात. हे दोन व्होल्टेज म्हणजे नुसती वीज नसून हुकूमही आहे: १३ मिळाले की एलएनबी एका ध्रुवीकरणाचे (म्हणजे लहरींच्या कंपनाच्या एका पद्धतीचे) सिग्नल घेतो, १८ मिळाले की दुसऱ्याचे. खराब केबलमुळे १८ चे १४ झाले तर एलएनबी पहिल्याच ध्रुवीकरणावर अडून राहतो आणि साधारण अर्ध्या वाहिन्या नाहीशा होतात. ‘अर्ध्या वाहिन्या गेल्या’ ही तक्रार ऐकली की मी आधी कनेक्टर सोडवतो. माझ्या छतावरचा तो कनेक्टर सोडवला तेव्हा आतून तपकिरी पाण्याचा थेंब बोटावर आला, मधल्या तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढला होता, आणि भोवतीची जाळी चिमटीत धरताच काळ्या भुकटीसारखी सुटली. अशी केबल काळा भाग संपून चकचकीत धातू दिसेपर्यंत मागे कापावी, दाबून बसवायचा नवा कनेक्टर लावावा, त्यावर रबरी टोपण चढवावे आणि केबलला जोडाच्या आधी खाली झुकणारा एक झोल ठेवावा, म्हणजे पाणी त्या झोलातूनच गळून पडते. जोड काढण्या-लावण्यापूर्वी रिसीव्हर आणि नियंत्रण पेटी दोन्ही बंद करावीत, कारण मधली तार जाळीला टेकली तर वर जाणारी वीज शॉर्ट होते. वाहनाच्या आतही पाहावे. मागच्या मालकाने मध्येच एखादा साधा अँटेनाचा स्प्लिटर बसवलेला असतो. तो उपग्रहाच्या वारंवारतेसाठी बनलेला नसतो आणि अनेकदा व्होल्टेजही वर जाऊ देत नाही.

एवढे करूनही गुंता सुटला नाही तर दोन तुकडे करून पाहण्याची युक्ती वापरावी. एक छोटी केबल घेऊन, भिंतींतून गेलेली सर्व जुनी केबल वगळून, डिश थेट नियंत्रण पेटीला आणि रिसीव्हरला जोडावी. चित्र आले तर दोष वाहनातल्या केबलचा. उलट तिपाईवर हाताने रोखलेली एखादी साधी डिश त्याच रिसीव्हरला जोडून चित्र आले, तर रिसीव्हर निर्दोष ठरतो आणि संशय छतावर जातो. छतावर चढायचे ते कोरड्या छतावर, वाऱ्याचा दिवस टाळून, आणि डिशची वीज तोडूनच. अचानक फिरणारी डिश बोटे चिरडू शकते.

छतावर पोहोचल्यावर यंत्रभागाची परीक्षा सुरू होते. मोटर गुणगुणते पण डिश हलत नाही, याचा अर्थ बहुधा गिअरचे दात झिजले आहेत किंवा बेल्ट घसरत आहे. थंड सकाळी अडखळणारी डिश दुपारी नीट फिरत असेल तर जुने ग्रीस घट्ट झाले आहे. ते पूर्ण पुसून काढून, थंडीत न गोठणारे आणि प्लॅस्टिकला न खाणारे नवे ग्रीस लावावे, जुन्यावर नवे थापू नये. सर्वांत चकवणारा दोष मात्र फिरत्या भागातून जाणाऱ्या केबलचा असतो. वर्षानुवर्षे पिळवटून ती एका ठिकाणी आतून तुटते, आणि डिश ठराविक बाजूला वळली की सिग्नल जातो. याची परीक्षा अगदी सोपी आहे: वाहन त्याच जागी उलट तोंड करून उभे करावे. उपग्रह तोच राहतो, पण डिशला आता छताच्या दुसऱ्या बाजूला वळावे लागते. आधी न मिळणारा सिग्नल आता मिळाला, तर आतली केबल किंवा मोटरची तार तपासावी. घुमट असेल तर तो सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावा. उन्हाने खडबडीत झालेल्या घुमटावर पावसाचे पाणी थेंबांत ओघळून न जाता पातळ थर धरून राहते आणि तो थर सिग्नल शोषून घेतो. घुमटाला धातूचे कण असलेला रंग कधीही देऊ नये. तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी आहेत का, आणि एलएनबीच्या तोंडाशी गांधीलमाशीने घर केले आहे का, हेही पाहून घ्यावे.

सेन्सरांबद्दल थोडक्यात. वाहन बरेच तिरके उभे असेल तर आधी ते समतल करावे. कित्येक महिने बंद राहिलेल्या डिशच्या जीपीएसला सर्व उपग्रहांची पूर्ण माहिती नव्याने उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात, म्हणून हिवाळ्यानंतरच्या पहिल्या दिवशी मोकळ्या आकाशाखाली पंधरा मिनिटे तिला शांतपणे राहू द्यावे आणि मगच शोध सुरू करावा.

शेवटी असा एक दोष, जो दुरुस्तीच्या हत्यारांनी जात नाही. डिशच्या स्मृतीत उपग्रहांची आणि त्यांच्या वारंवारतांची यादी असते, आणि प्रसारण दुसऱ्या उपग्रहावर किंवा त्याच उपग्रहाच्या दुसऱ्या ट्रान्सपाँडरवर (ठराविक वारंवारतेवर प्रसारण करणाऱ्या भागावर) हलवले गेले की ती यादी शिळी होते. याची खूण अशी की डिश प्रत्येक फेरीत एकाच दिशेला क्षणभर रेंगाळते आणि पुढे निघून जाते. तिला सिग्नल सापडलेला असतो, पण ओळख पटत नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर अशी डिश काही मिनिटांत ताळ्यावर येते, आणि उत्पादकाने अद्ययावत करणे थांबवले असेल तर निरोगी डिशसुद्धा निरुपयोगी होते. उत्तर अमेरिकेत डायरेक्टीव्ही या उपग्रह-दूरचित्रवाणी सेवेच्या एचडी वाहिन्या ९९ आणि १०३ अंश पश्चिम या स्थानांवरून का-बँड या जास्त वारंवारतेच्या पट्ट्यात येतात, आणि फक्त त्याखालचा कू-बँड हा पट्टा ऐकणाऱ्या जुन्या घुमटातल्या डिशला त्या कितीही दुरुस्ती केली तरी दिसणार नाहीत. अशा वेळी छतावरची डिश मिटवून, तिपाईवरची डिश हाताने रोखणे हाच शहाणपणाचा मार्ग, असे माझे मत आहे.

दुरुस्ती झाली की त्याच दिवशी, वाहनाच्या वहीत तीन आकडे लिहून ठेवावेत: शोध चालू असतानाचे व्होल्टेज, उपग्रह सापडायला लागलेली मिनिटे, आणि रिसीव्हरने दाखवलेली सिग्नलची ताकद. पुढच्या वेळी डिश रेंगाळू लागली की यांपैकी कोणता आकडा बदलला आहे हे पाहून तपासणी थेट त्याच पायरीपासून सुरू करता येते.