व्हिएन्ना तीन दिवसांत: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

व्हिएन्नाच्या प्रवासाचं पहिलं स्टेशन म्हणजे मुंबईतलं व्हिसा केंद्र. तिथली तारीख निघण्याच्या दोन-अडीच महिने आधीची हवी. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. प्रवासाला पंधरा दिवस उरले असतील तेव्हाही नियमाने चालतो, पण एप्रिल-मेमध्ये त्या भरवशावर राहू नका, तारखाच शिल्लक नसतात. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. फोटो स्टुडिओत 'शेंगेनसाठी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर नेहमीचा पासपोर्ट साईज हातात पडतो.

अर्ज अडकतो तो बहुतेक दोन कारणांनी. एक, अर्ज करण्याच्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम येऊन पडलेली असते आणि ती कुठून आली याचा कागद नसतो. दोन, हॉटेलच्या तारखा, विमानाच्या तारखा आणि प्रवासाचा आराखडा एकमेकांशी जुळत नाहीत. द्राक्षबागाईतदारांची अडचण आणखी वेगळी. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकर विवरणात आकडा लहान दिसतो. अशा वेळी सातबारा, व्यापाऱ्याच्या किंवा निर्यातदाराच्या पट्ट्या, त्या पट्ट्यांची रक्कम ज्यात जमा झाली ते बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि हे सगळं जोडून सांगणारं एक पानी इंग्रजी पत्र द्या. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत लावा.

व्हिएन्नाबरोबर प्राग किंवा बुडापेस्ट धरत असाल तर ज्या देशात मुक्काम जास्त त्याच देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. तीन दिवसच हातात असतील तर मात्र एका शहरावर दुसरं शहर चढवू नका. अर्धा वेळ स्टेशनवर बॅगा सांभाळण्यात जातो.

महिना निवडताना बागेचंही वेळापत्रक बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात द्राक्षतोडणी असते, पण तेव्हाच आपल्याकडे गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, धांदल. उन्हाळ्यातली खरड छाटणी उरकल्यावर मेचा दुसरा पंधरवडा किंवा जूनचा पहिला आठवडा सगळ्यात सोयीचा. रात्री साडेआठ-पावणेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणून तीन दिवसांचे जवळपास चार होतात. सकाळी जर्किन लागतं, दुपारी नाही.

नाशिकहून मुंबई विमानतळ सुमारे १७० किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळता येतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तिथेच आहे. विमानाच्या आठ तास आधी घर सोडा. व्हिसाच्या दिवशी पंचवटीने जाणार असाल तर वेळ दुपारी बारानंतरची घ्या.

विमान एक थांबा घेऊन जाणारं असेल तर तो थांबा कुठे आहे ते पाहून तिकीट काढा. आखातात किंवा इस्तंबूलला थांबा असेल तर शेंगेनची तपासणी व्हिएन्नात होते. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला असेल तर ती तिथेच होते आणि रांगेत तास सहज जातो. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहरा आणि बोटांचे ठसे टिपण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. दोन विमानांत अडीच तासांपेक्षा कमी अंतर असेल तर ते तिकीट स्वस्त असलं तरी सोडा.

बॅगेत काय न्यायचं यात अनेकांची फजिती होते. भारतातून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खव्याची मिठाई, तूप, पनीर घरीच ठेवा. ताजी फळं आणि भाज्याही बहुतेक चालत नाहीत. आपली द्राक्षं कंटेनरने युरोपला जातात ती प्रमाणपत्रासह. पिशवीतल्या घडाला तो कागद नसतो. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तेलावरच्या दशम्या निर्धास्त न्या. मळताना दूध मात्र घालू नका.

व्हिएन्नाचं विमानतळ शहराबाहेर, श्वेखाट इथे आहे. शहरात यायला तीन गाड्या. हिरव्या रंगाची कॅट १६ मिनिटांत विन मिटे स्टेशनला आणते आणि सगळ्यात महाग पडते. एस-७ ही लोकल त्याच स्टेशनला २५ मिनिटांच्या आसपास पोचते आणि भाडं कॅटच्या निम्म्याहूनही कमी. राहायची जागा मुख्य स्टेशनजवळ असेल तर रेलजेट घ्या, पंधरा मिनिटं लागतात. नऊ मिनिटं वाचवायला कॅट घेण्यात अर्थ नाही. ध्यानात एवढंच ठेवा की शहराच्या पासात विमानतळ येत नाही. पास असेल तर हद्दीबाहेरच्या टप्प्याचं जादा तिकीट लागतं.

आता तिकिटाचं. इथे स्टेशनवर फाटक नाही, सरळ चालत फलाटावर जाता येतं. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की तिकीट खिशात आहे, झालं. पण मशीनमधून काढलेल्या काही कागदी तिकिटांवर वेळ छापलेली नसते. ती फलाटाच्या वाटेवर किंवा ट्रामच्या आत बसवलेल्या छोट्या निळ्या पेटीच्या फटीत सरकवायची. टिक् असा आवाज होतो, कडेला तारीख-वेळ उमटते आणि तिथून तिकीट सुरू होतं. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि दंड शंभर युरोंच्या वर. 'माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. मोबाईलवर विनमोबिल अॅपने काढलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही, म्हणून तेच बरं. तीन दिवसांसाठी २४ तासांची तीन तिकिटं आणि एक आठवड्याचा पास यांच्या किमती आधी ताडून पाहा. फरक थोडा असतो आणि कधी पासच स्वस्त पडतो. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पंधराच्या आतल्यांना रविवारी आणि तिथल्या शाळांच्या सुट्टीत फुकट.

पैशांसाठी फॉरेक्स कार्ड पुरतं, शंभरेक युरो रोख ठेवा. कार्ड मशीन 'रुपयांत की युरोत' असं विचारतं, तिथे नेहमी युरो दाबा. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो. पन्नास सेंटची नाणी जपून ठेवा, स्वच्छतागृहाला लागतात.

पहिला दिवस पायी घालवा. कार्ल्सप्लाट्झपासून ऑपेरा, केर्न्टनर रस्ता, स्टेफान्सडोम हे मोठं चर्च, ग्राबेन रस्ता, होफबुर्ग राजवाडा असा सरळ पट्टा आहे. स्टेफान्सडोमचा दक्षिण मनोरा १३६ मीटर उंच. ३४३ पायऱ्या चढून निरीक्षणाच्या खोलीत पोचता येतं. जिना चक्राकार आणि अरुंद. गुडघे कुरकुरत असतील तर उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि तिथेच पुमेरिन ही वीस टनांची घंटा आहे. मूळ घंटा १६८३ च्या तुर्की वेढ्यात हाती आलेल्या तोफा वितळवून ओतली होती. १९४५ च्या आगीत ती फुटली आणि १९५१ मध्ये पुन्हा ओतली. त्या वेढ्याच्या वेळी इकडे संभाजी महाराजांची कारकीर्द होती आणि नाशिकजवळच्या रामशेजला मोगलांनी वेढा घातलेला होता. घंटेसमोर उभं राहून हे आठवलं की तो काळ परका वाटत नाही.

जुन्या तटबंदीच्या जागी १८६५ मध्ये खुला झालेला रिंग रस्ता ट्राममधून बघा. एकच ट्राम पूर्ण फेरी मारते असा समज आहे, तसं नाही. श्वेडनप्लाट्झहून २ नंबरची पार्लमेंटपर्यंत घ्या, तिथे उतरून १ नंबरची प्राटरच्या दिशेने घ्या, ती परत श्वेडनप्लाट्झला आणते. या रस्त्यावर फुटपाथच्या निम्म्या भागात सायकलींची पट्टी असते. आपली माणसं फोटो काढत नेमकी तिच्यावर उभी राहतात आणि घंट्या ऐकतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असणाऱ्यांची. मोझार्टच्या वेशात तिकिटं विकणारे लोक भाड्याच्या सभागृहांतल्या मैफिलींची विकतात, ऑपेराची नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी यू-४ मेट्रोने श्योनब्रुन. राजवाड्यात १,४४१ खोल्या, पाहायला मिळतात त्यातल्या चाळीसेक. तिकिटावर वेळ छापलेली असते, म्हणून घरूनच अधिकृत संकेतस्थळावरून सकाळची पहिली वेळ घ्या. अकरानंतर बसचे जथे येतात आणि खोलीत पाठी तेवढ्या दिसतात. बाग फुकट आहे आणि ती साडेनऊच्या आधी पाहावी. दुपारी एकच संग्रहालय करा. आमचं मत कुन्स्टहिस्टोरिशेसला. ब्रॉयगलच्या चित्रांची जगातली सगळ्यात मोठी जमवाजमव तिथे आहे, आणि गुरुवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. सोमवारी मात्र ते वर्षातले बरेच महिने बंद असतं.

संध्याकाळी ऑपेरात उभ्याची तिकिटं काढा. ती त्याच दिवशी विकतात आणि दहा ते वीस युरोंच्या दरम्यान मिळतात. आत गेल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून ठेवायचा. तेवढ्यावर जागा राखली जाते, कोणी हलवत नाही. मोठी बॅग आत नेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद.

शाकाहारी माणसाला इथे उपाशी राहावं लागत नाही, पण विचारावं लागतं. मेनूवर पदार्थापुढे छोटी रोमन अक्षरं छापलेली असतात, ती अॅलर्जीची खूण. ए म्हणजे गहू वगैरे, सी म्हणजे अंडं, डी म्हणजे मासे, जी म्हणजे दूध. अंडं न खाणाऱ्याने सी असलेला पदार्थ टाळावा. मात्र मांसाला अक्षर नाही. फ्रिटाटेनसुप्पं हे धिरड्याच्या पट्ट्यांचं निरागस दिसणारं सूप गोमांसाच्या पाण्यात असतं, आणि बटाट्याच्या सुपात बेकन असू शकतं. म्हणून 'ओने फ्लाईश, ओने श्पेक, ओने फिश' एवढं पाठ करा: मांस नको, बेकन नको, मासे नकोत. केझश्पेत्झल (चीजमधले पिठाचे छोटे गोळे, त्यात अंडं असतं), तळलेलं चीज, सफरचंदाचं आपफेलश्ट्रुडल, नाशमार्क्ट बाजारातले फलाफल यांवर दिवस निघतात. पाणी विकत घेऊ नका. १८७३ मध्ये आल्प्सच्या झऱ्यांपासून बांधलेली पाण्याची वाहिनी अजून चालू आहे आणि नळाचं पाणी तेच. हॉटेलात 'लायटुंग्सवासर' मागा.

रविवारचं आधी ठरवा. दुकानं, सुपरमार्केट बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी सहालाच कुलपं लागतात. दूध-दही त्याआधी घ्या. चुकलंच तर मुख्य स्टेशनच्या आवारातलं दुकान उघडं असतं, रांग मात्र दारापर्यंत.

तिसरा दिवस नाशिककरांनी द्राक्षमळ्यांना द्यावा. राजधानीच्या हद्दीतच सहाशे हेक्टरांच्या आसपास द्राक्षबागा असलेलं शहर दुसरं सहज सापडत नाही. यू-४ ने हायलिगनश्टाट, तिथून ३८ए बसने ४८४ मीटर उंचीवरच्या कालेनबेर्गला जा, आणि मळ्यांमधून उतरत नुसडोर्फला या. दीड-दोन तासांची उतरण आहे, खडी फार नाही. वरून दोनाउ (डॅन्यूब) नदी आणि तिच्यातलं २१ किलोमीटर लांबीचं बेट दिसतं. ते पुरासाठी समांतर कालवा खोदून निघालेल्या मातीचं आहे. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजणाऱ्यांना ती कल्पना लगेच कळेल.

इथे मांडव नाही. वेली तारेवर कमरेपासून डोक्याएवढ्या, उतारावर ओळीने. आपल्यासारख्या दोन छाटण्याही नाहीत. हिवाळ्यात पानं गळून वेल झोपते आणि छाटणी तेव्हा एकदाच. वाईन पिकवणाऱ्याच्या अंगणातल्या गुत्त्याला होयरिगर म्हणतात. १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या योझेफने शेतकऱ्याला आपली वाईन आपल्या घरी विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची रीत. दारावर फरच्या डहाळ्यांची जुडी टांगलेली असेल तर उघडं, नसेल तर बंद, दार उघडं दिसलं तरी. वाईन टेबलावर मागवायची, खाणं काउंटरवरून स्वतः आणायचं. 'गेमिश्टर झाट्झ' मागा: एकाच मळ्यात मिसळून लावलेल्या किमान तीन जातींची, एकत्र तोडून एकत्र पिळलेली वाईन. 'आख्टल' म्हटलं की अष्टमांश लिटर येतं. न पिणाऱ्यांसाठी 'ट्राउबनझाफ्ट', म्हणजे द्राक्षाचा रस, आणि काळ्या पावावर लिप्टाउअर, मिरपूड-पाप्रिका घातलेला चक्क्यासारखा लेप. त्यात कधी अँकोव्ही मासा असतो, विचारून घ्या. बरेच होयरिगर रोखच घेतात. परतीला नुसडोर्फहून डी ट्राम थेट शहरात.

आवडलेली बाटली घरी आणायची असेल तर ती चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून मधोमध ठेवा. केबिन बॅगेत ती सुरक्षा तपासणीतच काढून घेतात. भारतात माणशी दोन लिटरला सूट आहे, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. तिसरीसकट सव्वादोन लिटर होतात आणि वरच्या पाव लिटरवर शुल्क लागतं.