दे, द्या, मिळेल का: बोलायच्या पायऱ्या कशा शिकवाव्यात

मेळघाटात धारणीकडच्या कोरकू मुलांना मराठी शिकवताना माझं पहिलं वर्ष व्याकरणातच गेलं. मग एक मुलगा कृषी केंद्रावर जाऊन म्हणाला, "कृपया मला युरियाची एक बॅग द्यावी." सगळं दुकान हसलं. वाक्यात चूक मात्र एकही नव्हती.

तेव्हापासून मी शब्दांऐवजी कामांपासून सुरुवात करतो. मागणं, विचारणं, नकार देणं, माफी मागणं, निरोप घेणं अशी भाषेची कामं काढा आणि एका आठवड्याला एकच घ्या. (युरोपात १९७० च्या दशकात याच पद्धतीने अभ्यासक्रम बांधले गेले.) पहिलं काम 'मागणं' ठेवा, ते रोज लागतं.

आता वर्गात पाण्याचा गिलास ठेवा. गिलास तोच, समोरचं माणूस बदलायचं. लहान भावाला "पाणी दे." आईला "पाणी दे ना." शेजारच्या मावशीला "थोडं पाणी द्या ना." बसस्टँडवरच्या हॉटेलात "दादा, पाणी मिळेल का?" मराठीतला आदर क्रियापदात बसतो, 'कृपया'त नाही; 'कृपया' पाट्यांवर आणि अर्जांत शोभतं. एवढासा 'ना', पण हुकमाची धार घालवतो. आणि 'मिळेल का' म्हटलं की कुणी कुणाला हुकूम देतच नाही, गिलास जणू आपोआप येणार असतो! आजी, कंडक्टर, सरपंच, गुरुजी अशा चिठ्ठ्या डब्यात टाका. चिठ्ठी निघेल तसं वाक्य बदलायचं. आमच्याकडे "द्या ना जी" म्हणणारं पोरगं निघालं तर शाबासकी द्या, 'जी' ही वऱ्हाडची स्वतःची पायरी आहे.

कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीची नातलग नाही. पण जास्त घोटाळा होतो तो बाजारात ऐकलेल्या हिंदीमुळे. 'आप' म्हणजे 'आपण' असं मुलं धरून चालतात. एका मुलीने ओळखीच्या बाईंना विचारलं, "आपण कुठे चाललो?" बाई म्हणाल्या, "मी तं घरी चालली, तू कुठी चालली?" म्हणून मोठ्यांना 'तुम्ही' एवढंच आधी पक्कं करा. आदराचं 'आपण' सावकाश, वर्षाच्या शेवटी.

'मले', 'काहून', 'करून राहिलो' यांवर लाल पेन चालवू नका. हे चुकीचं नाही, घरचं आहे. एकच मागणी तीन ठिकाणी लिहून घ्या: घरी "मले सातबारा पायजे", तलाठ्यापुढे "साहेब, सातबारा मिळेल का?", अर्जात "विषय: सातबारा उतारा मिळणेबाबत". अर्जाचा साचा घोकून घ्या, तो समजावत बसण्यात अर्थ नाही.

निरोपाला 'जातो' नाही, 'येतो'. "जेवण झालं का?" हा बहुधा नमस्कारच असतो, उत्तरात भाजी कोणती होती ते सांगायचं नसतं, "हो, तुमचं?" एवढं पुरे.

परीक्षा आठवडी बाजारात घ्या. एकाने भाव विचारायचा, दुसऱ्याने घासाघीस करायची, तिसऱ्याने न घेता निघायचं, तेही मावशीला राग न आणता. मी भाजीवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवतो, "पोरगं चुकलं तर खुशाल हसा, पण नीट विचारेपर्यंत भाव सांगू नका."