लांबच्या ओळखीतून कुणाच्या मुलाच्या प्रवासासाठी पैसे मागणारा मेसेज आला तर काय करायचं

मेसेज साधारण असा असतो. "नमस्कार, कसे आहात, खूप दिवसांत बोलणं नाही. आमच्या मुलीची अमुक कार्यक्रमासाठी निवड झालीय, तीन आठवडे परदेशात जायचंय, तुमच्याकडून जे काही होईल ते..." आणि खाली लिंक. पाठवणारी व्यक्ती जुन्या ऑफिसातली, नाहीतर कधीतरी शेजारी राहिलेली, आणि त्या मुलीला तर आपण आयुष्यात बघितलेलंही नसतं. आपण मेसेज उघडतो, दोन टिका निळ्या होतात आणि तिथूनच डोक्याला ओझं सुरू होतं.

माझं ह्यात एकच म्हणणं आहे, उत्तर द्या आणि दोन-तीन दिवसांत द्या, हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. हे मी अनुभवाने सांगतेय. एकदा असाच एक मेसेज मी महिनाभर तसाच ठेवला होता, द्यावे की नाही, किती द्यावे, कमी दिले तर काय वाटेल असं करत करत. त्या बाईंनी मधे दोनदा परत पाठवला आणि शेवटी मुलीनेच लिहिलं, "काकू, आई म्हणाली तुम्ही कामात असाल, पण मला तिकीट ह्या आठवड्यात काढायचंय म्हणून विचारते." ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण तोपर्यंत तिने माझ्या नावापुढे काहीतरी रक्कम धरून ठेवली होती. मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं तर तिने दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं. गप्प बसणं आपल्याला सभ्यपणा वाटतो पण समोरच्याचा त्यात वेळ जातो, आणि प्रवासाच्या बाबतीत वेळ गेला की तिकीट महागतं.

आता क्रमाने बघू.

सगळ्यात आधी मेसेज खरंच त्याच माणसाने पाठवलाय का ते बघा. अकाउंट हॅक करून सगळ्या कॉन्टॅक्टना पैसे मागणं हा फार जुना प्रकार आहे आणि लांबच्या ओळखीत तो जास्त चालतो, कारण त्या माणसाची लिहायची पद्धत आपल्याला आठवत नसते. त्यामुळे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करा, मेसेजमधे दिलेल्या नवीन नंबरवर नाही. नुसत्या आवाजावरही विसंबू नका, एआयने ओळखीच्या माणसाचा आवाज बनवून पैसे मागतात असा इशारा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मधेच दिला होता. जुनी एखादी आठवण काढा, आपण कुठे भेटलो होतो वगैरे, दोन मिनिटांत कळतं. फोटो संशयास्पद वाटला तर गूगल लेन्सवर टाकून बघा, दुसऱ्याच कुणाच्या नावाने आधी कुठे वापरला असेल तर बऱ्याचदा सापडतो.

माणूस खरा आहे हे कळलं की मग प्रवास कसला आहे ते नीट वाचा. इथे जरा वेळ घालवा, कारण "निवड झाली" ह्या दोन शब्दांत खूप वेगवेगळ्या गोष्टी येतात.

काही निवडी अगदी अस्सल असतात आणि तरीही पैसे लागतात. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड घ्या, १९५९ पासून चालू आहे, तिथे देशाच्या टीममधल्या मुलांचं राहणं-खाणं यजमान देश बघतो पण तिथपर्यंत पोचायचा खर्च यजमान देत नाही. कॉन्फरन्समधे पेपर वाचायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचंही तसंच, पेपर स्वीकारला जातो पण तिकीट कोण देणार हा प्रश्न राहतोच. एक्स्चेंजचं, म्हणजे काही काळ दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकायला जाण्याचं, थोडं वेगळं. युरोपात १९८७ मधे सुरू झालेल्या इरॅस्मसमधे (आता इरॅस्मस प्लस) प्रवासखर्चाची मदत अंतराप्रमाणे ठरवतात, आणि १९४६ च्या कायद्याने सुरू झालेली अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्तीही साधारणपणे प्रवासखर्च देते. म्हणून मूल अशा मोठ्या योजनेतून चाललं असेल तर नेमका कुठला खर्च उरतोय हे विचारणं अगदी रास्त आहे. ह्यात संशय घेण्यासारखं काही नाही. कधीकधी त्यांना ती मदत मिळते हेच माहीत नसतं आणि आपल्या एका प्रश्नाने त्यांचं काम होतं.

दुसऱ्या टोकाला "तुमच्या पाल्याची लीडरशिप समिटसाठी निवड झाली आहे" अशी गुळगुळीत पत्रं येतात. खाली बारीक अक्षरात फी असते, सगळा कार्यक्रम एखादी कंपनी नफ्यासाठी चालवत असते आणि फी भरणारा जवळजवळ प्रत्येकजण निवडला जातो. आईवडिलांना हे कळत नाही असं नाही, पण मुलाचं नाव छापलेलं पत्र बघून कुणाचंही मन हलतं. कार्यक्रमाचं नाव शोधा, मागच्या वर्षी किती मुलं होती, निवड कशावर झाली, फी परत मिळते का, हे बघा. मला इथे फी ही सगळ्यात चांगली खूण वाटते. निवड आधी आणि फी नंतर सांगितली, शिवाय चार दिवसांत भरायची घाई केली, तर मी पैसे देत नाही.

तिसरा प्रकार सेवा सहलींचा, म्हणजे परदेशात जाऊन दोन आठवडे शाळा रंगवणं किंवा अनाथाश्रमात मुलांबरोबर खेळणं. ह्यातल्या अनाथाश्रमाच्या सहलींना मी पैसे देत नाही, कधीच नाही. कारण पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून आईवडील हयात असलेल्या मुलांनाही तिथे आणून ठेवल्याचं अनेक देशांत दिसलंय, आणि ऑस्ट्रेलियाने २०१८ मधे आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा ह्या प्रकाराचीही दखल घेतली गेली. जाणाऱ्या मुलाचा हेतू स्वच्छच असतो. त्याला हे कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं, आणि पैसे मागायला तो तुमच्याकडे आलाय म्हणजे ती संधी आहेच.

मग प्रश्न विचारा. लोकांना प्रश्न विचारायचा संकोच वाटतो, आपण पाचशे देणार आणि हिशोब पाच हजारांचा मागणार असं होतं. पण चार गोष्टी विचारायला काहीच हरकत नाही: एकूण खर्च किती आणि आतापर्यंत किती जमले, घरचे आणि मूल स्वतः किती घालतायत, जास्त जमले तर काय करणार, आणि जाणं रद्द झालं तर काय करणार. शेवटचा प्रश्न फार कुणी विचारत नाही पण तोच महत्त्वाचा, कारण व्हिसा नाकारला गेला तर व्हिसाची फी सहसा परत मिळत नाही. शेंगेन व्हिसाचीच (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे आणि नकार आला तरी ती गेली ती गेलीच. ज्यांनी खर्च नीट मांडलाय ते ह्याचं उत्तर पटकन देतात. "बघू तेव्हाचं तेव्हा" असं उत्तर आलं म्हणजे लगेच फसवणूक नाही, तयारी कच्ची आहे एवढाच अर्थ मी घेते आणि व्हिसा हातात आल्यावर कळवा म्हणून सांगते.

अजून एक, मेसेज आईवडिलांनी पाठवला असेल तर मुलाला दोन ओळी लिहायला सांगा. कुठे जातोय, का जातोय, तिथे काय करणार. जे मूल स्वतः लिहितं त्याच्या बाबतीत ठरवणं मला फार सोपं जातं, आणि मागणं हेसुद्धा त्याने शिकायची गोष्ट आहे.

किती द्यायचे? फूल ना फुलाची पाकळी, हेच बरोबर. लांबच्या ओळखीत अशी रक्कम द्या जी दिल्यावर महिन्याभराने तुम्हाला आठवणार नाही. आठवत राहणार असेल तर ती जास्त आहे, कारण मग त्या मुलाने आभार मानले का, फोटो पाठवले का ह्याचा आपण मनात हिशोब ठेवायला लागतो. आणि बाकीच्यांनी किती दिले ते बघून ठरवू नका. वर्षाच्या सुरुवातीलाच अशा मागण्यांसाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवली तर फार सोपं होतं, ती संपली की त्या वर्षापुरतं नाही म्हणायचं, आणि ते खरंही असतं.

मनातल्या दबावाची गोष्ट इथेच सांगते. २०१२ मधे तीन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला होता, त्यात देणगी मागायला घरोघरी जायच्या आदल्या दिवशी काही दारांवर चिठ्ठी लावली होती. नुसत्या चिठ्ठीनेच दार उघडणारे ९ ते २५ टक्क्यांनी कमी झाले आणि "येऊ नका" अशी खूण करायची सोय दिली तिथे देणं २८ ते ४२ टक्क्यांनी घटलं. म्हणजे बरेच लोक द्यायचं म्हणून देत नव्हते, तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं म्हणून देत होते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते ह्यालाच. म्हणून फोनवर कुणी विचारलं तर तिथल्या तिथे आकडा सांगू नका, "मला सगळी माहिती लिहून पाठवा, मी परवापर्यंत कळवते" म्हणा आणि परवा खरंच कळवा.

पैसे देताना शक्य असेल तर थेट संस्थेला किंवा आयोजकांना भरा, विद्यार्थ्याचं नाव लिहून. गोफंडमीसारख्या, लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवरून देत असाल तर पैसे भरताना साइटसाठी वेगळी टिप आधीच लावलेली असते, ती कमी किंवा शून्य करता येते, नाहीतर तेवढे पैसे साइटला जातात. तिथे नाव लपवून दिलं तरी मोहीम चालवणाऱ्याला तुमचं नाव दिसतं हे पण लक्षात ठेवा. पेपॅलवर (ही ऑनलाइन पैसे पाठवायची सेवा) मित्र-नातेवाईक हा पर्याय निवडून पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण मिळत नाही. आणि एखाद्या व्यक्तीला दिलेल्या पैशांवर साधारणपणे करात सूट मिळत नाही, ती नोंदणीकृत संस्थेला दिलं तर असते, त्यामुळे कुणी तसं म्हणालं तर पावती कुणाच्या नावाने मिळणार ते आधी विचारा.

आता नाही म्हणणं, जे सगळ्यांना जड जातं. एक गोष्ट मला फार धीर देते. २००८ च्या एका अभ्यासात मदत मागणाऱ्यांना आधीच विचारलं होतं की किती जण हो म्हणतील, तर त्यांनी प्रत्यक्षापेक्षा खूप कमी अंदाज केला, काही वेळा निम्म्यापर्यंत कमी. म्हणजे मागणारा मनात नकार धरूनच आलेला असतो. आपला नकार म्हणजे त्याच्यावर आकाश कोसळणार असं आपल्याला वाटतं, तसं होत नाही.

नकार छोटा ठेवा आणि खोटं कारण देऊ नका. "सध्या जरा अडचण आहे" असं लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात तुमचे फिरायला गेल्याचे फोटो दिसले तर ते मन जास्त दुखावतं. मी साधारण असं लिहिते:

"नमस्कार ताई, मुलीची निवड झाली हे वाचून खूप आनंद झाला. ह्या वेळी मला पैशांची मदत करता येणार नाही, म्हणून लगेच कळवतेय. तिला माझ्या मनापासून शुभेच्छा सांगा."

एवढंच. "पुढच्या वेळी नक्की" लिहू नका, ते वचन होतं. "किती वाईट वाटतंय मला" असंही चार ओळी लिहू नका, मग त्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

थोडे देणार असाल तर: "मी एवढे पाठवलेत, एकदाच देतेय, उरलेल्यासाठी शुभेच्छा." एकदाच हा शब्द घालाच, नाहीतर रक्कम पूर्ण होत नाही तोपर्यंत तुमच्याकडे आठवण येत राहते.

आणि पैसे नसतील तर दुसरं काही देता येतं का बघा, पण खरंच करणार असाल तरच. विद्यार्थ्यांसाठीच्या प्रवास अनुदानाचा अर्ज वाचून दुरुस्त करून देणं, थंडीचा कोट किंवा मोठी बॅग महिनाभर वापरायला देणं, त्या शहरात ओळखीचं कुणी असेल तर त्यांना आधी विचारून नंबर देणं. माझ्या माहितीतल्या एका मुलाला एका गृहस्थांनी पैसे दिले नाहीत, पण रोज संध्याकाळी अर्धा तास तिथली भाषा बोलायची सवय करून दिली, आणि परत आल्यावर तो सगळ्यात आधी त्यांच्याकडेच गेला.

ग्रुपवर मागणी आली असेल तर उत्तर ग्रुपवर देऊ नका, हो असलं तरी नाही. चारचौघात आकडा टाकला की बाकीच्यांवर दडपण येतं. ज्याने मागितले त्याला एकट्याला लिहा. एवढं करूनही समोरून फणकारा आला, किंवा "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" असं आलं, तर त्यावर काही लिहायचं नाही, त्या मेसेजला उत्तर लागत नाही. मूल परत आलं की मात्र आपण दिले असोत वा नसोत त्याला एक मेसेज टाका, कसं झालं, काय काय बघितलंस म्हणून विचारा. बाकी सगळे फक्त जायच्या आधी विचारतात.