जुन्या मातीच्या घरातली ओल कशी तपासावी: रंगाचा डबा आणण्याआधीचं काम

दिवाळी जवळ आली की गावातल्या निम्म्या जुन्या घरांत एकच काम निघतं. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, वरून डिस्टेंपर मारायचा. पुढच्या श्रावणात तेच पोपडे त्याच जागी सुटतात आणि दुकानदार या खेपेला आणखी महागडा ‘वॉटरप्रूफ’ डबा हातात देतो. हे चक्र पाहून मी आता वैतागलो आहे. ओल म्हणजे पाणी, आणि पाणी कुठून तरी येतं. ते कुठून येतं हे ठरल्याशिवाय भिंतीला ब्रश लावू नका.

विदर्भातल्या मातीच्या, विटा-मातीच्या, कवेलूच्या (कौलारू) आणि धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांना हे सगळं लागू आहे. बुलडाण्यापेक्षा गडचिरोलीत पाऊस जवळजवळ दुप्पट, तेव्हा पूर्वेकडच्या लोकांनी जरा जास्तच डोळे उघडे ठेवावेत.

कधी तपासायचं

वर्षातून तीनदा. अक्षय तृतीयेच्या सुमारास, पोळ्याच्या सुमारास, आणि पाऊस गेल्यावर, कापूस घरात यायच्या आधी. ही शेवटची फेरी कधीच चुकवू नका. कापसाची गंजी एकदा भिंतीला लागली की भाव मिळेपर्यंत ती हलत नाही, आणि तोवर मागची भिंत कोणाला दिसत नाही. सोयाबीन-तुरीची पोतीही फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून लावा. म्हणजे माल वाचतो आणि टॉर्च घेऊन मागे जाताही येतं.

काय लागतं

टॉर्च, पोती शिवायचा दाभण, ओळंबा, पेन्सिल, एक वही आणि जाड पारदर्शक पन्नी (प्लास्टिकचा कागद). ओल मोजायचं दोन पिनांचं यंत्र बाजारात मिळतं, ते घेऊ नका. ते मुळात लाकडासाठी केलेलं असतं. भिंतीत खार, म्हणजे क्षार, असेल तर ते कोरड्या जागीही ओल दाखवतं आणि तुम्हाला नको त्या खर्चात पाडतं.

वरची फेरी

भर दुपारी घरातले दिवे बंद करून वर पाहा. जिथून उजेड येतो तिथून पाणी येणार. माकडांनी फोडलेले, सरकलेले कवेलू मे संपायच्या आत फेरून घ्या. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे दाभण टोचून पाहा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीनं खाल्लंय. धाब्यावर गवत, पिंपळाचं रोप दिसलं तर मुळासकट काढा. वरचं काम एवढंच.

बाहेरची फेरी

आधी रस्ता पाहा. गावोगावी जुन्या रस्त्यावरच नवा सिमेंट रस्ता टाकतात, जुना खोदून काढत नाहीत. दोन-तीनदा असं झालं की रस्ता वर आणि तुमचा ओटा खाली. मग अख्ख्या गल्लीचं पाणी जोत्याला येऊन टेकतं. तुमचंही तसंच असेल तर नाली मोकळी करणं आणि भिंतीजवळची जमीन खाली घेऊन तिला बाहेर उतार देणं, हाच पहिला खर्च. रस्त्याचं काम निघेल तेव्हा ग्रामसभेत जाऊन आधीच बोला. सिमेंट पडल्यावर कोणी ऐकत नाही.

दुसरं, काळ्या मातीच्या भेगा. उन्हाळ्यात ही माती आकसते आणि भिंतीच्या कडेनं हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस पडला की पाणी त्या भेगांतून थेट पायाशी जातं, माती फुगते, भिंतीला तिरपे तडे जातात. दार अचानक चौकटीत अडकायला लागलं तर सुताराला बोलावण्याआधी बाहेर जाऊन जमीन पाहा. मृग लागायच्या आधी भेगा बुजवून कडेनं मुरूम ठोकून घ्या.

तिसरं, सांडपाणी. न्हाणी, नळाचा ओटा, शोषखड्डा. काळ्या मातीत पाणी फार हळू जिरतं, म्हणून शोषखड्डा भिंतीपासून दहा-बारा फूट तरी लांब हवा. जागा नाही म्हणून भिंतीला चिकटून खड्डा घेणारे लोक मग ओलीसाठी चार वर्षं रंग बदलत बसतात.

खरं अवघड काम: ओल कुठली ते ओळखणं

इथे सगळे फसतात, मिस्त्रीसुद्धा. खालून चढलेली ओल, पागोळ्यांचे शिंतोडे, गळकी न्हाणी आणि खाराची ओल, या चारही गोष्टी भिंतीच्या खालच्या तीन फुटांतच दिसतात. डाग सारखेच, पोपडे सारखेच, उपाय मात्र चार वेगळे. एकदा पाहून कोणी छातीठोकपणे कारण सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

माझी पद्धत पेन्सिलची आहे. ओलीची वरची कड जिथे संपते तिथे भिंतीवर रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. जून ते नोव्हेंबर, दर पंधरा दिवसांनी नवी रेघ. त्या काळात पाऊस कधी पडला, झड किती दिवस होती, ते वहीत टिपा. घरचे म्हणतील भिंत घाण करतो, म्हणू द्या. मग त्या रेघा वाचायच्या.

रेघ पाऊस पडल्यावर काही तासांतच वर सरकते आणि उघाड मिळाली की उतरते, तर पाणी वरून किंवा बाजूनं येतंय. त्याच भिंतीला बाहेरून जा. वळचणीखाली जमिनीत पागोळ्यांची चर पडलेली असेल आणि भिंतीवर दीड-दोन फुटांपर्यंत चिखलाचे शिंतोडे असतील, तर कारण सापडलं. चरीत गिट्टी पसरा आणि वळचण थोडी पुढे काढा. एवढ्यानं काम होतं. अशा भिंतीत ‘केमिकल ट्रीटमेंट’साठी भोकं पाडून घेतलेली घरं मी पाहिली आहेत. वाईट वाटतं.

रेघ हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं चढते आणि पाऊस गेल्यावरही दिवाळीपर्यंत उतरत नाही, तर ओल जमिनीतून चढतेय. ही साधारण तीन फुटांपर्यंत येते आणि खोलीच्या त्या बाजूला जवळजवळ सारख्या उंचीवर दिसते.

पावसाशी रेघेचा काहीच संबंध नाही, मे महिन्यातही भिंत ओली, आणि डाग एकाच कोपऱ्यात गोळा झालेला, तर नळ, पाइप किंवा न्हाणी. एक दिवस न्हाणी आणि नळ पूर्ण बंद ठेवून नळाचा मीटर किंवा टाकीची पातळी पाहा; तरी ती हलली तर गळती आहे.

आता चौथा प्रकार. अमरावती, अकोला, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, हा फार आहे. तिथे माती खारी, विहिरी-बोअरचं पाणी खारं, आणि त्याच पाण्यात चिखल आणि गिलावा कालवलेला. हा खार भिंतीतच बसलेला असतो आणि हवेतलं पाणी ओढून घेतो. छत कोरडं, जमीन कोरडी, नळ बंद, तरी भिंत ओली. अशा एका घरी रंगाऱ्यानं तीन वेळा काम केलं होतं. घरातल्या आजीला मी विचारलं तर ती एका वाक्यात म्हणाली, “बापू, आभाळ आलं का या भितीले घाम फुटते, ऊन पडलं का वायते.” पाऊस न पडता नुसत्या आभाळाबरोबर येणारी आणि उन्हाबरोबर जाणारी ओल बहुधा खाराचीच. आजीला कोणी विचारलंच नव्हतं. घरात जी माणसं दिवसभर असतात त्यांना आधी विचारा.

शंका राहिली तर पन्नी लावा. फूटभर लांब-रुंद पन्नी ओल्या जागेवर चारही कडांनी बंद करून दोन दिवस ठेवा. सारवलेल्या भिंतीवर चिकटपट्टी धरत नाही, तिथे बारीक लाकडी पट्ट्या ठोका. पन्नीच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला आले तर ते हवेचं. झडीत ही परीक्षा करू नका, तेव्हा दोन्हीकडे थेंब येतात आणि काहीच कळत नाही.

खाराला उपाय एकच: सुकलेला पांढरा लोणा (भिंतीवर फुटलेला खार) कोरड्या ब्रशनं झाडून घराबाहेर टाकायचा. पाण्यानं धुवायचा नाही, धुतला की तो परत भिंतीत जिरतो. खराब झालेला गिलावा उतरवून गोड्या पाण्यात कालवलेला नवा लावायचा. हे एका वर्षात संपत नाही.

सिमेंटचा गिलावा लावू नका

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा खालच्या चार फुटांना टाईल्स, हा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मातीची भिंत आतलं पाणी बाहेर सोडत असते. सिमेंटनं तो रस्ता बंद केला की पाणी आतच कोंडतं आणि टाईल्सच्या वर, पाच-सहा फुटांवर, नव्यानं डोकं काढतं. बाहेरून भिंत छान दिसते आणि आतली माती लोण्यासारखी मऊ झालेली असते. बोटांच्या पेरांनी वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर गिलाव्यानं भिंत सोडली आहे.

आधीच सिमेंट लागलं असेल तर उन्हाळ्यात, खालच्या भागातला दोन-तीन फूट लांबीचा तुकडा काढा, भिंत सुकू द्या, मग पुढचा. सगळं एकदम उतरवू नका आणि वरच्या तुळयांना टेकू दिल्याशिवाय हातच लावू नका. सुकलेल्या भिंतीवर चुन्याचा किंवा मातीचा गिलावा, वर चुन्याची सफेदी. ऑइलपेंट नको.

भिंतीला पोट आलं असेल तर

वरून ओळंबा सोडा. भिंत मध्येच दोरीला टेकत असेल आणि वर-खाली फट राहत असेल तर ती फुगली आहे. या भिंतीशेजारी खाट, पाळणा, गोठा काहीही ठेवू नका. लांबलेल्या झडीनंतर ऊन पडलं की लोक निर्धास्त होतात, पण भिजलेली भिंत पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांनीही बसते. ओल्या भिंतीवर विजेचा बोर्ड असेल तर त्याच दिवशी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. टेकू लावायला मातीच्या भिंतींचं काम केलेला जुना मिस्त्री शोधा, आणि तो येईपर्यंत घरातल्यांनी दुसऱ्या खोलीत झोपावं.