पेडल घेण्याआधी जेफ बेकचा उजवा हात बघा

गिटार शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "दादा, पेडल कुठलं घेऊ?" पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारं, पायाने चालवायचं यंत्र. मी सांगतो, आधी लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबातली इंग्लिश रॉक गिटारवादक जेफ बेकची २००७ची मैफल बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून. नजर फक्त उजव्या हातावर.

बेक तेव्हा ६३ वर्षांचा होता. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, त्याने कधीच सोडलं होतं. अंगठ्याने तार छेडायची, करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर, उरलेल्या बोटांशी व्हॅमी बार, म्हणजे तारांचा ताण बदलून सूर वर-खाली करणारी दांडी. 'बिग ब्लॉक' या रचनेत हाच हात दणदणीत वाजतो आणि 'व्हेअर वेअर यू'मध्ये नुसत्या हार्मोनिक्सना (तारेला हलकेच बोट लावून काढलेल्या घंटेसारख्या सुरांना) बारने वर-खाली करत अख्खी चाल गातो. 'एंजल'मध्ये तर स्लाइड (तारेवरून सरकवायची नळी) फ्रेटबोर्ड, म्हणजे धातूच्या पट्ट्या (फ्रेट) बसवलेली मान, संपल्यावर पुढे पिकअपवर (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांवर) जाते. तिथे फ्रेट नाहीत, खुणा नाहीत. सूर निव्वळ कानाने शोधायचा!

मी स्वतः कॉलेजात नुसता वेगामागे होतो. सदाशिव पेठेतल्या माझ्या सरांनी एक दिवस पिक काढून घेतलं आणि बेकने वाजवलेलं 'नादिया' लावलं. ही रचना ब्रिटिश संगीतकार नितीन साहनीची, मूळ गाणं स्वाती नाटेकरांच्या आवाजात. "आधी ओळ गाऊन दाखव, मग वाजव," सर म्हणाले. मला गाताच येईना. सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ऐकलेली होती, पण ती गिटारवर उतरवायची असते हे डोक्यात आलंच नव्हतं. आपल्या पुण्यातल्या मुलांकडे हा कान आयता असतो, तो वापरा.

सुरुवात अशी करा. व्हॉल्यूम शून्यावर, तार छेडा, मग करंगळीने नॉब हळूच उघडा. छेडल्याचा 'टक्' गायब होतो, गज फिरवल्यासारखा सूर उगवतो. ते जमलं की बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक काढा, बार दाबून सूर खाली न्या आणि सोडत सोडत 'नी'वरून 'सा'वर या. तंबोऱ्याचं अ‍ॅप चालू ठेवा, नाहीतर बेसूर कळत नाही. स्वस्त गिटारचा बार दोनदा दाबला की तारा उतरतात. दुकानात नीट सेटअप (तारा आणि बार जुळवून घेणं) करून घ्या, त्यावर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

मला तो एक 'सा' नेमका लागायला तीन महिने लागले. त्या दिवशी सरांनी पिक परत दिलं, मी ते खिशातच ठेवलं.