कॅक्टसचे पुढचे काटे शार्प आणि मागचं खोड धूसर येत असेल तर

मॅमिलेरिया या कॅक्टसचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो, काढताना हेच व्हायचं, एफ/२२ केलं, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक केलं, तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडलं, समोरून फ्लॅश मारला तर काटे पांढरेफट्ट आणि टेक्श्चर सपाट. फार वैतागलो होतो. जमलं ते असं: आधी कुंडी खिडकीशेजारी अशी ठेवली की उजेड एका बाजूने तिरका येईल, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा केला. मग ट्रायपॉड, मॅन्युअल मोड, एफ/८, आयएसओ १००, काटे जळणार नाहीत इतकं एक्स्पोजर कमी, २ सेकंदांचा टायमर. सगळ्यात जवळच्या काट्यावर फोकस करून पहिला फोटो, मग फोकस रिंग किंचित किंचित फिरवत मागच्या कडेपर्यंत १५ फोटो, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केले, म्हणजे प्रत्येकातला शार्प भाग जोडून एकच फोटो केला. पंखा बंदच ठेवा, काटा हलला की दुहेरी दिसतो. आणि एचेव्हेरिया (जाड पानांचं सक्युलंट) असेल तर पानावरच्या पावडरला बोट लावू नका, डाग राहतो.