हाडातली गाठ साधी की कॅन्सरची? नव्या रेसिडेंटसाठी थोडं

ऑर्थोपेडिक्सच्या रेसिडेन्सीत नव्याने आलेले बोन ट्यूमरची नावं पाठ करायला बसतात. माझं ऐकाल तर नावं थोडे दिवस बाजूला ठेवा आणि प्रत्येक एक्स-रे बघताना आधी एवढंच विचारा: ही गाठ किती वेगाने वाढतेय?

उत्तर बहुतेक वेळा गाठीच्या कडेवर मिळतं. कड पेन्सिलने गिरवता येत असेल, भोवती पातळ पांढरी रेघ असेल, तर हाडाला नवा थर घालायला सवड मिळालेली असते. गाठ कुठे संपते आणि निरोगी हाड कुठे सुरू होतं हेच कळत नसेल तर सावध व्हा. पेरिऑस्टियम, म्हणजे हाडावरचं आवरण, तेही बघा. सलग, जाड थर संथ वाढीचा; सुटे पापुद्रे, किरणांसारख्या उभ्या रेघा किंवा कॉडमनचा त्रिकोण (गाठीने उचललेल्या आवरणाच्या कडेला दिसणारं त्रिकोणी नवं हाड) वेगाचा.

पण वेग म्हणजे कॅन्सरच, असं नाही. ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडातला जंतुसंसर्ग, युइंग सार्कोमा या हाडाच्या कॅन्सरसारखा दिसू शकतो. जायंट सेल ट्यूमर बिनाइन (कॅन्सर नसलेला) असूनही हाड पोखरतो. म्हणून मी एक्स-रेवरून 'मॅलिग्नंट' (कॅन्सरची) म्हणत नाही, 'आक्रमक' म्हणतो.

मग वय आणि जागा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, गुडघ्याजवळ मेटाफिसिसमध्ये (हाडाच्या टोकालगतच्या रुंद भागात) अस्पष्ट कडेची गाठ: ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर आधी मनात यायलाच हवा. 'खेळताना लागलं होतं' असं घरचे हमखास सांगतात. त्यावर विसंबू नका, माराने फक्त तिकडे लक्ष गेलेलं असतं. चाळिशीनंतर मात्र आधी मेटास्टॅसिस (दुसरीकडून हाडात पसरलेला कॅन्सर) आणि मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर). रात्रीचं दुखणं गंभीर धराच, पण ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही साधी गाठही रात्रीच छळते.

बायोप्सीची घाई मला सगळ्यात जास्त खटकते. एमआरआय आधी, बायोप्सी नंतर. आधी छेडलेल्या जागेची सूज एमआरआयमध्ये गोंधळ घालते. बायोप्सीचा मार्ग पुढे गाठीसोबत काढावा लागू शकतो, त्यामुळे अंतिम शस्त्रक्रिया करणाऱ्या टीमनेच तो ठरवावा. हातापायावर आडवा छेद नकोच. थोडा नमुना कल्चरलाही (जंतुसंसर्ग तपासायला) पाठवा.

आणि पॅथॉलॉजिस्टला एक्स-रे दाखवाच. फ्रॅक्चर भरून येतानाचं कोवळं हाड मायक्रोस्कोपखाली ऑस्टिओसार्कोमासारखं दिसू शकतं, आणि नुसत्या स्लाइडवरून ते ओळखणं त्यांनाही कठीण जातं.